उपरण्याखालची बोटे आणि झाकलेले नाव

गेल्या नाताळात आमच्या परिसरातील मोजक्या कॅथलिक कुटुंबांपैकी एका घरचा मुलगा बोटीवरच्या नोकरीतून सुटीवर आला होता. तो जहाजाच्या पानगृहात काम करतो. बोलता बोलता त्याने आम्हांला विचारले, "फादर, आमच्याकडे टकीलाची एक बाटली येते. तिच्या गळ्यात चिठ्ठी असते, शंभरपैकी त्र्याण्णव गुण. हे गुण कोण देतो? आणि दारूला गुण देताना न्याय होतो हे कशावरून?" प्रश्न ऐकून त्याच्या आईने कपाळाला हात लावला. धर्मगुरूंशी बोलायचा हा काय विषय झाला! पण आम्हांस तो प्रश्न फार आवडला. त्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा वाट मेक्सिकोला न जाता आधी आमच्याच शिरोळच्या शिवारातून आणि कोल्हापूरच्या गूळबाजारातून गेली.

मद्यपानाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही पाहिली आहेत, त्यांच्या उंबरठ्यावर बसलो आहोत. हा लेख कोणास पेला उचलावयास सांगण्यासाठी नाही. मनुष्याने केलेल्या वस्तूचे मोल दुसरा मनुष्य आपल्या जिभेने ठरवतो, तेव्हा न्याय कसा होतो आणि कसा चुकतो, एवढाच येथे विषय आहे.

प्रथम गुळाकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी सन १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि करवीर राज्यातील गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. गुऱ्हाळावर गुळव्या रात्रंदिवस काहिलीशी उभा असतो. भेंडीच्या चिकाने मळी वर काढतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडून त्याची गोळी वळते का ते पाहतो आणि योग्य क्षणी काहील उतरवतो. हा क्षण कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. पुढे ते रवे बाजारात येतात, सौदे निघतात, व्यापारी रव्याचा खडा काढतो, उजेडात धरतो, बोटांत दाबतो, जिभेवर ठेवतो. रंग, कणी, घट्टपणा आणि चव हे त्याचे चार प्रश्न. त्यांतील चव मोठी चहाडखोर आहे. आमच्या शिरोळ तालुक्यात अतिरेकी पाण्याने कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. अशा जमिनीतल्या उसाचा गूळ किंचित खारट लागतो. शेतकऱ्याने काही न सांगताही त्याच्या रानाची व्यथा अनुभवी व्यापाऱ्याच्या जिभेला कळते.

मग न्याय कोठे अडतो? जुन्या काळी आपल्याकडील अनेक बाजारांत 'हत्ता' नावाची रीत होती. अडते आणि व्यापारी उपरण्याखाली एकमेकांचा हात धरीत, बोटे दाबून भाव सुचवीत आणि सौदा पुरा करीत. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असे, पण त्याच्या घामाला किती दाम लागला हे त्याला त्या उपरण्याबाहेर दिसत नसे. माल कोणाचा हे मात्र सर्वांस ठाऊक. तालेवार बागायतदाराचा की कर्जात बुडालेल्या कुळाचा, हे पाहून बोट दाबले जाई. नियंत्रित बाजार समित्या आल्या, तेव्हा उघड बोलीचा लिलाव हा नियम झाला, ही लहान सुधारणा नव्हे. तेथे गुण उघडे झाले. मात्र नाव झाकले गेले नाही. कोणाचे रवे कोणत्या अडत्याकडे, हे बाजारात लपत नाही.

आणखी एक गोष्ट. खरेदीदाराच्या डोळ्याला सोनेरी पिवळा गूळ आवडतो, त्याला भाव अधिक. डोळ्याने गुण द्यायचे ठरले की उत्पादक डोळ्यासाठी माल करू लागतो. गुऱ्हाळांवर हायड्रोस नावाची भुकटी आली ती यातूनच. तिने रंग खुलतो, चव नव्हे. चांगला, पण तांबूस-काळसर गूळ करणारा प्रामाणिक गुळव्या मागे पडला. सन २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी सौद्यात रंगाचा दबदबा कमी झाला आहे असे आम्हांस दिसत नाही. परीक्षक ज्याला गुण देतो, तेच उद्या बाजारात येते. म्हणून परीक्षकाची जबाबदारी केवळ एका बाटलीपुरती किंवा एका रव्यापुरती नसते.

शिरोळचा ऊस तर बहुतांशी साखर कारखान्यांकडेच जातो. तेथे जिभेचे काम नाही, यंत्र आहे. तोडणीपूर्वी रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवला की ब्रिक्स दिसतो, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण. पुढे कारखान्यात उतारा निघतो. केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर ठरवते तो उताऱ्याच्या पायावर. सन २०२२-२३ च्या हंगामापासून हा पाया १०.२५ टक्के आहे. यंत्र आले म्हणजे तंटा मिटला, असे मात्र झाले नाही. उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी धरला जातो. पक्व, स्वच्छ ऊस घालणारा आणि कोवळा, पाचटासह ऊस घालणारा, दोघेही एकाच सरासरीत. शिवाय मोजणारा आणि विकत घेणारा एकच. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी जो आवाज उठतो, त्यात दराइतकाच काट्याविषयीचा आणि उताऱ्याविषयीचा संशय असतो. संशय खरा की खोटा हा वेगळा विषय. मोजणाऱ्याचा मोजण्यात स्वार्थ असेल, तर खरे मापही खोटे वाटते.

आता पवित्र शास्त्रातील एक प्रसंग आठवू. गालीलातील काना गावच्या लग्नाची कथा योहानकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. प्रवचनात आपण चमत्काराविषयी बोलतो, पवित्र मरियेच्या मध्यस्थीविषयी बोलतो. पण भोजनकारभाऱ्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याच्यापुढे द्राक्षारस आला तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी काढणाऱ्या चाकरांस ठाऊक होते, त्याला नव्हते. हे शुभवर्तमानकार मुद्दाम नमूद करतो. तो चाखतो आणि आधीच्यापेक्षा हा द्राक्षारस उत्तम आहे असा निवाडा देतो. येशूचा म्हणून नव्हे, वराकडचा म्हणूनही नव्हे. त्याच्या अज्ञानामुळेच त्याची साक्ष वजनदार ठरली. नाव झाकून चाखण्याची जी पद्धत आज जगभर न्याय्य मानली जाते, तिचे इतके जुने आणि इतके नेमके चित्र आमच्या वाचनात दुसरे नाही.

आपल्या शेजारच्या गोव्यात या न्यायाची कहाणी फेणीच्या रूपाने घडली. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. बोंडे तुडवून पहिला रस निघतो. मग उरलेला चोथा दाबाखाली ठेवला की जो गळतो तो नीरो, गोड आणि निर्मळ. तुडवलेला रस आंबवून भट्टीवरच्या भाणात उकळला की पहिल्या धारेचा उर्राक मिळतो, मार्चपासून मेपर्यंत घरोघर प्यायला जाणारा, सौम्य. त्यावर पुन्हा ऊर्ध्वपातन झाले की फेणी. 'फेण' म्हणजे फेस, त्यावरून हे नाव पडले असे म्हणतात, आणि परीक्षाही त्याच फेसाची. भट्टीवाला बाटली हलवतो आणि काठाशी जमणारे बुडबुडे किती बारीक आहेत, किती वेळ टिकतात, ते पाहतो. झटकन विरले तर दारू पातळ. यापलीकडे पोर्तुगीज राजवटीत 'ग्राव'चे माप रूढ झाले. ते कार्तिए नावाच्या फ्रेंच माणसाचे. काचेची तरती नळी दारूत सोडायची आणि ती किती बुडते ते वाचायचे. फेणी एकोणीस-वीस ग्राव भरली पाहिजे; आजच्या मापात सुमारे ४२.८ टक्के. म्हणजे डोळा, जीभ आणि यंत्र, तिन्ही गावच्या भट्टीवर हजर होते. तेथील पिढ्यान्‌पिढ्यांच्या कॅथलिक भट्टीवाल्यांना कोणी 'परीक्षक' म्हटले नाही, इतकेच.

पण कायद्याच्या परीक्षेत फेणी बसली ती नावाने. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा अबकारी कायदा आला आणि त्यात तिचा वर्ग 'देशी दारू' असा ठरला. 'देशी' हा शब्द तिच्या दर्जाविषयी काहीच सांगत नाही, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात गुण आधीच कापले जातात. त्याच भट्टीचा माल परदेशी नावाने आला असता, तर काचेच्या कपाटात बसला असता. सन २००९ मध्ये काजूच्या फेणीस भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने कायद्यात बदल करून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्ये किती वर्षे गेली ती मोजून पाहावीत. त्या काळात भट्ट्या सोडून आखाताकडे गेलेल्या मुलांना हा दर्जा आता काय देणार?

फेणीचा वास अनोळखी माणसास उग्र वाटतो. व्हिस्कीच्या सवयीचा परीक्षक तिला नाक मुरडून कमी गुण देईल. परंतु हा फेणीचा दोष नाही, तो त्याच्या सवयीचा दोष आहे. फेणीची परीक्षा फेणीतच झाली पाहिजे. जोंधळ्याच्या भाकरीला पावाच्या मापाने मऊपणाचे गुण देणारा परीक्षक आपण घरात घेऊ काय?

आता त्या तरुणाच्या टकीलाकडे जाऊ. आमच्याकडे रेल्वेच्या कडेने, माळाच्या बांधांवर काटेरी घायपात उभे असते. त्याच्या पानांतून वाख काढून पूर्वी दोर वळत. तेही मुळात अमेरिका खंडातलेच. त्याच कुळातली निळसर पानांची एक जात मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतात लावतात. सहा-सात वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, ती साखर साठवते. मग पाने छाटून मधला कांदा काढतात. तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याला तेथे 'पिन्या' म्हणतात. वजन सहज तीस-चाळीस किलो, कधी याच्या दुपटीहून जास्त. तो भट्टीत भाजायचा, चरकात पिळायचा, रस आंबवायचा आणि किमान दोनदा ऊर्ध्वपातन करायचे. आमच्या गुऱ्हाळवाल्याला यातले निम्मे काम पाहताच कळेल. कांदा पक्व झाला की नाही हे पाहताना तेथेही ब्रिक्सच मोजतात.

सन १९७४ मध्ये मेक्सिकोने टकीला या नावाला कायद्याचे संरक्षण दिले: हालिस्को आणि इतर चार प्रांतांतील ठरावीक भागांतच ती होऊ शकते. १९९४ मध्ये नियामक परिषद स्थापन झाली. प्रत्येक बाटलीवर कारखान्याचा क्रमांक असतो. केवळ निळ्या घायपाताच्या साखरेची एक जात. आणि निदान ५१ टक्के साखर त्याची, बाकी इतर, बहुधा उसाची, ही दुसरी. मग मुरवण्याचे वर्ग: न मुरवलेली पांढरी, लाकडात दोन महिने तरी राहिलेली, एक वर्ष राहिलेली, आणि २००६ पासून मान्य झालेला तीन वर्षांचा वर्ग. न्यायाची पहिली पायरी हीच आहे. पांढरीला मुरलेलीच्या पंगतीत बसवून गुण द्यायचे नाहीत.

दुसरी पायरी प्रयोगशाळेची, जिभेच्या आधीची. सन २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांच्या पेल्यात मिथेनॉल होते. ते जिभेला कळत नाही. म्हणून टकीलातील मिथेनॉल आणि इतर घटकांच्या मर्यादा तेथील मानकात आकड्यांनी बांधून दिल्या आहेत. जे यंत्राने मोजता येते ते जिभेवर सोडू नये. देवाच्या वेदीवरील द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभेच्या कायद्याचा ९२४ वा नियम हेच म्हणतो: तो द्राक्षांपासून झालेला नैसर्गिक असावा आणि बिघडलेला नसावा. तो रुचकर असावा असे नियम म्हणत नाही. त्यामुळे आमच्या काही कपाटांतील द्राक्षारसाची चव कशी असते, हे आमचे बंधू धर्मगुरू जाणतातच.

तिसरी पायरी जिभेची. तेथे मीठ-लिंबू वर्ज्य; ती दोन्ही दोष झाकतात. तोंडाशी निमुळता पेला, सर्वांस सारखे माप, सारखे तापमान. बाटली परीक्षकांच्या दृष्टीआड ओतायची, पेल्यावर फक्त क्रमांक. आधी वास, मग लहान घोट, तोंडात फिरवून थुंकायचा. घोट गिळत गेले की विसाव्या पेल्याला न्याय मिळत नाही. मधे पाणी, साधा पाव. भाजलेल्या कांद्याचा गोडवा, ओल्या मातीचा किंवा मिरीचा गंध, घशाखाली मागे राहणारी चव, यांचे वेगवेगळे गुण लिहायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, कागद देईपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाही. पंक्तीत ज्येष्ठ माणसाने "वा!" म्हटले की उरलेल्यांची जीभ बदलते, हे लग्नघरी कोणी पाहिले नाही?

रंगाचा प्रश्न येथेही आहे, अगदी आमच्या हायड्रोससारखा. मानकानुसार वजनाच्या एक टक्क्यापर्यंत कॅरमेलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक अशी भर घालण्याची मुभा आहे आणि त्या मर्यादेत ती वेष्टनावर सांगावी लागत नाही. दोन महिने मुरलेली दारू रंगाने दोन वर्षांची भासू शकते. म्हणून काही दक्ष परीक्षक रंगीत काचेचे पेले वापरतात, डोळ्यालाच रजा देतात. कोल्हापूरच्या सौद्यात असे एकदा करून पाहावे, असे आमच्या मनात अनेकदा येते.

इतके केल्यावर गुण खरे ठरतात काय? दोन प्रसंग सांगतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिए या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच जाणकारांसमोर फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन नाव झाकून ठेवल्या. एक परीक्षक कॅलिफोर्नियाचा पेला चाखून, आता कोठे फ्रान्सला परतलो, अशा अर्थाचे बोलून गेला. निकाल लागला तेव्हा तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही वर्गांत कॅलिफोर्निया पहिली. नावाचे ओझे किती असते, ते त्या दिवशी दिसले.

दुसरा प्रसंग अधिक अस्वस्थ करणारा. रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः वाइन करीत, कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळाव्यात सन २००५ पासून एक युक्ती केली. परीक्षकांच्या ओळीत एकाच बाटलीतली वाइन तीन वेगळ्या क्रमांकांनी ठेवली. सन २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारे दहा टक्केच परीक्षक तीनही वेळा एकाच पदकाच्या पायरीवर राहिले. जवळजवळ तितक्यांनीच त्याच बाटलीला एकदा कांस्य आणि एकदा सुवर्ण दिले. नाव झाकले, पक्षपात गेला, तरी मनुष्याची जीभ उरलीच. तेव्हा शंभरपैकी त्र्याण्णव आणि एक्याण्णव यांतील अंतर म्हणजे धुके आहे. शंभर गुणांची ही रीत अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ पासून रूढ केली. त्यात मोजणी पन्नासापासून सुरू होते. आमच्या शालान्त परीक्षेत पस्तिसाला पास करतात, येथे तर कोरा कागद दिला तरी पन्नास!

म्हणून त्या तरुणास आम्ही सांगितले: बाटलीच्या गळ्यातील आकडा वाचू नकोस, त्यामागचे प्रश्न विचार. परीक्षकाला नाव ठाऊक होते का? बाटली त्याला फुकट आली होती का? परीक्षक किती होते? एकच पेला त्यांनी दोनदा चाखला का? कोणत्या वर्गात गुण दिले? बोटीवर कोणी तुला याची उत्तरे देणार नाही, तो म्हणाला. तेही खरे.

शेवटी एक कबुली द्यावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. नाताळात घरगुती वाइनची स्पर्धा असे: द्राक्षाची, जांभळाची, आल्याची. परीक्षक आम्ही एकटेच, आणि बाटल्यांवर घराण्यांची नावे. चर्चच्या कौलांसाठी ज्यांनी मोठी देणगी दिली होती, त्यांच्या बाटलीस आम्ही पहिले बक्षीस दिले. लबाडी म्हणून नव्हे. नाव वाचून पेला उचलला आणि तो खरोखरीच गोड लागला. एका विधवा बाईंची जांभळाची वाइन शेजारीच होती. संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर उरलेली चाखली आणि आम्ही मनातून वरमलो. ती कितीतरी सरस होती. निकाल जाहीर झाला होता. आम्ही गप्प राहिलो.

पुढच्या वर्षी आम्ही बाटल्यांना कागद गुंडाळून फक्त क्रमांक दिले, परीक्षक पाच केले आणि कोणासही न सांगता एकाच बरणीतल्या वाइनच्या दोन बाटल्या ठेवल्या. आमच्या कागदावर एकीला सहा आणि दुसरीला साडेआठ गुण होते. त्या पाचही कागदांची सरासरी काढून निकाल लावला, गुण फळ्यावर लिहिले. त्या बाईंच्या घरून त्या वर्षी बाटली आली नव्हती.